अमावास्येचं माहेर

भडगावच्या शाळेत रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला असेल. मी सातवीला चंद्राच्या कला शिकवत होते. फळ्यावर सूर्य काढला, पृथ्वी काढली, तिच्याभोवती चंद्राचे गोळे काढून खडूने कुठे अर्धे, कुठे पाव भरत होते. तेवढ्यात खिडकीच्या गजांशी कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. पाहते तर संस्कृतचे सर. बगलेत छत्री, हातात डस्टर. त्यांचा स्वतःचा तास शेजारच्याच वर्गात होता आणि तिथला गोंधळ आमच्या वर्गापर्यंत ऐकू येत होता. पण सर निवांतपणे माझी आकृती पाहत उभे. तास संपल्यावर मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "बाई, आकृती बरोबर आहे. पण पौर्णिमेवर तुम्ही चार वाक्यं बोललात आणि अमावास्येवर एकच, की चंद्र दिसत नाही. दारी आलेल्या बाईला नाव-गाव न विचारता वाटेला लावल्यासारखं झालं हे."

मी मनात म्हटलं, माणूस चक्रम दिसतोय. पुढे मी त्यांच्याच घरात भाड्याने खोली घेतली. शाळेत सहकारी आणि घरी घरमालक असे ते मला दोन्हीकडून मिळाले, आणि इतक्या वर्षांत माझं ते पहिलं मत काही बदललं नाही. त्यात फक्त अभिमान येऊन मिसळला. आजही कोणी खानदेशातल्या विद्वानांची नावं घ्यायला लागलं की मी त्याची यादी संपू देते आणि मग सरांबद्दल सांगायला लागते. ऐकणारा कंटाळला तरी सोडत नाही.

आमच्याकडे अनोळखी माणूस भेटला की पहिला प्रश्न गावाचा. मग आडनाव, मग मामाचं गाव, आणि तेवढ्यात कुठेतरी नातं निघतंच. सरांनी हा रिवाज शब्दांना लावला होता. कोणताही शब्द समोर आला की ते त्याचं गाव विचारत, आणि शब्द बाईमाणूस असला तर माहेर. आठवडे बाजारात भाजीवालीसमोर उकिडवे बसून ते भेंडीच्या माहेराची चौकशी करत होते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हातारी आधी म्हणाली, आमच्याच मळ्यातली आहे. सर म्हणाले, भाजीचं नव्हे, नावाचं विचारतोय. त्यावर तिने तराजू खाली ठेवला आणि म्हणाली, "तुमले लेवानं शे का नही, सर?" सरांनी पाव किलो भेंडी घेतली, पण वाटेत मला म्हणाले, की बाईने प्रश्न टाळला.

गिरणेच्या पुलावर आले की ते सायकलवरून उतरत आणि पूल चालत ओलांडत. नदीच्या डोक्यावरून बसून जाणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला तरी सर आपले हातात सायकल धरून रमतगमत चाललेले. शाळेला उशीर झाला की हेडमास्तर विचारायचे, आणि सर खरं तेच सांगायचे, की नदी मध्ये आली. हेडमास्तरांनी पुढे विचारणं सोडून दिलं.

पण शब्दांच्या एवढ्या गोतावळ्यात त्यांचा जीव अडकला होता तो एकाच शब्दात. अमा म्हणजे सोबत, घरात, एका ठिकाणी. वस म्हणजे राहणं. सूर्य आणि चंद्र ज्या दिवशी एकत्र राहतात, ती अमावास्या. हे ते इतक्या जणांना सांगत की एसटी स्टँडवरच्या कंडक्टरांनाही पाठ झालं होतं. पौर्णिमेवर त्यांचा रागच होता. त्या दिवशी एक उगवतो तेव्हा दुसरा मावळतो, दोघं एकमेकांपासून होता येईल तितके लांब, आणि लोक नेमका तोच दिवस धरून सत्यनारायण घालतात, असं ते वैतागून म्हणायचे. राजाचा अमात्य हाही त्याच 'अमा'च्या घरचा. राजाच्या सोबत राहतो तो अमात्य. म्हणजे अमावास्येचा सख्खा भाऊच. "भाऊ दरबारात जाऊन बसला," सर म्हणायचे, "आणि बहिणीला लोकांनी वेशीबाहेर काढलं." हे सांगताना त्यांचा आवाज दरवेळी थोडा चढायचा. एका शब्दावरून माणसाला एवढा राग का यावा, हे मला तेव्हा कळत नसे.

एकदा परीक्षेत एका मुलाने लिहिलं, अ म्हणजे नाही, म्हणून ज्या दिवशी काहीच चांगलं नसतं ती अमावास्या. सर पेपर घेऊन थेट त्याच्या घरी गेले. पोरगं घाबरून धान्याच्या कणगीमागे लपलं. सरांनी त्याच्या वडिलांना विचारलं, पोळा कोणत्या दिवशी असतो? ते म्हणाले, अमुशाला. दिवाळीत लक्ष्मी कधी पुजता? अमुशाला. मग बैलांना ओवाळायचं अमुशाला, लक्ष्मी घरात घ्यायची अमुशाला, आणि वाईट दिवस कोणता, तर अमुशा, हे कसं काय, एवढं विचारून आणि कपभर चहा पिऊन सर परत आले. मुलाला मार्क मात्र दिला नाही. गावात त्यांना 'अमुशावाले सर' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मला वाटतं, आवडायचं.

घरातली प्रत्येक नवी वस्तू ते अमावास्येला आणत. चपला, छत्री, सायकल, पाण्याचा माठ, काहीही. कापडवाला त्या दिवशी गिऱ्हाईक नसल्यामुळे गादीवर आडवा झालेला असे. त्याला उठवून हे शर्टाचं कापड फाडून घेत. प्रवासही त्याच दिवशी. धुळ्याला जायचं तर बस रिकामी, खिडकीची जागा हमखास, आणि शेजारी कोणी नाही म्हणून छत्रीलाही बसायला सीट. घराचा उंबरा बसवायचा होता तेव्हा त्या दिवशी एकही मिस्त्री यायला तयार होईना. मग सरांनी स्वतः शर्ट काढून सिमेंट कालवलं आणि उंबरा बसवला. तो एका बाजूने दोन बोटं वर राहिला. पुढे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्याला ठेचकाळायचा, आणि सर दरवेळी आतून ओरडून सांगायचे, "सांभाळून, उंबरा माझ्या हातचा आहे."

चौकात लोक नारळ, लिंबू, कुंकू टाकलेला भात असा उतारा ठेवून जात. गाव त्याला वळसा घालून जाई. सर सायकल स्टँडला लावून त्यातला नारळ उचलत, धोतराने पुसत आणि स्टाफरूममध्ये आणून फोडत. पहिल्या वेळी बाकीचे शिक्षक हातातल्या वह्या घेऊन एकदम कामाला लागले. खोबऱ्याचा तुकडा माझ्यापुढे आला तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती, कारण ते माझ्याकडे अशा आशेने पाहत होते. मी खाल्ला. खोबरं गोड होतं. त्यानंतर आमच्या शाळेत नारळ फुटला की आम्ही दोघंच खाणारे, आणि पुढे पुढे पीटीचे सर. त्यांना खोबरं फार आवडायचं आणि त्यांची श्रद्धा त्यापुढे टिकली नाही.

एका वर्षी हेडमास्तरांनी पंचांग न पाहता गॅदरिंगची तारीख धरली आणि ती नेमकी अमावास्या निघाली. नाटक रंगात आलं आणि लाइट गेली. पालकांत कुजबुज सुरू झाली, बायका पोरांना जवळ घेऊन उठायला लागल्या. सर कंदील घेऊन स्टेजवर चढले आणि म्हणाले, काल लाइट गेली होती का? लोक म्हणाले, गेली होती. परवा? परवाही गेली होती. काल आणि परवा कोणती तिथी होती ते कोणाला आठवतंय का, असं विचारून त्यांनी कंदील स्टेजच्या मधोमध ठेवला. नाटक त्या उजेडात पुढे सुरू झालं आणि मला तर ते लाइटपेक्षा बरं वाटलं.

मी भडगावला यायच्या आधी एक मोठं सूर्यग्रहण होऊन गेलं होतं. त्याची गोष्ट शाळेचा शिपाई रंगवून सांगायचा. भरदुपारी सगळं गाव दारं लावून आत. पाण्याच्या हंड्यांत तुळशीची पानं, गर्भार बायका जागच्या हलत नाहीत, कुत्रीसुद्धा गप्प. आणि सर एकटे शाळेच्या मैदानात, दवाखान्यातून मागून आणलेली एक्स-रेची काळी फिल्म डोळ्यांपुढे धरून उभे. शिपाई दाराच्या फटीतून पाहत होता. सरांनी त्याला हाक मारून बोलावलं आणि फिल्म त्याच्या हातात दिली. "बघ. दर अमावास्येला दोघं सोबतच असतात, आपल्याला दिसत नाहीत. आज सापडले." शिपायाने पाहिलं. त्या दिवशी आपल्याला काही झालं नाही, उलट दुसऱ्या दिवशी बायको माहेरहून परत आली, असं तो शेवटी न चुकता सांगायचा.

आता त्यांच्या घराबद्दल. घरात माणसं दोनच, सर आणि त्यांची थोरली बहीण. सरांनी लग्न केलं नव्हतं. बहिणीला सगळी गल्ली अक्का म्हणायची. अक्का ठेंगण्या, काटक, आणि तोंडाने फटकळ. माझ्या हाताला पोळी जमते, भाकरी जमत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं आणि शिकवायलाही लगेच बसवलं. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत असं करून रोज माझ्या खोलीत काहीतरी यायचंच. कपाळाला कुंकू असे, पण नवऱ्याचा विषय त्या घरात कधी निघाला नाही, आणि मीही काढला नाही. सर बाहेर एवढे बोलके, पण अक्कांसमोर धाकट्या भावासारखे निमूट असायचे.

एक गोष्ट लक्षात यायला मला बरेच महिने लागले. ज्या शब्दावरून गाव त्यांना ओळखत होतं, तो शब्द सर स्वतःच्या घरात कधीच उच्चारत नसत. नवी सायकल आणली तर अक्कांना सांगत, आज दुकानात गर्दी नव्हती म्हणून आणली. मी एकदा जेवताना सहज तो विषय काढला, तर हातातला घास तसाच धरून त्यांनी नजरेने मला गप्प केलं. अक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

मी स्वतः अमावास्येची आहे. माझं माहेर पिंपळनेरजवळचं. मी जन्मले तेव्हा वडिलांनी, म्हणजे आबांनी, रीतसर शांत करून घेतली होती. तरी स्थळं यायची, पत्रिका पाहायची आणि पोहे खाऊन जायची. आईला वाटायचं पोह्यांत काही कमी पडतंय. मी नोकरी धरली, तीही इतक्या लांब, ती काहीशी या पोह्यांना कंटाळूनच. शाळेत मी तिथी कोणाला सांगितली नव्हती. असंच एक स्थळ परत गेल्याचं आबांचं पत्र आलं, त्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सर आणि मी दोघंच होतो. मी त्यांना सांगून टाकलं.

ते उठून उभे राहिले. टोपी सारखी केली. विचारलं, "कोणती?" मी म्हटलं, मार्गशीर्षातली, संध्याकाळचा जन्म. त्यांनी मला चक्क हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाले, "आम्ही बाकीचे जन्मलो तेव्हा वर कोणीतरी एक घराबाहेर होतं, बाई. तुम्ही आलात तेव्हा दोघंही घरी होते."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या तिथीबद्दल माझं अभिनंदन करत होतं. तोवर तिथी सांगितली की समोरचा आवाज खाली घ्यायचा, जणू घरात कोणी आजारी आहे. पुढचा तास मी इतका छान घेतला की मलाच माझं कौतुक वाटलं. तास सुटल्यावर सर पुन्हा भेटले आणि म्हणाले, घरी मात्र हे बोलू नका. मी त्यालाही त्यांच्या चक्रमपणातच धरलं.

त्यानंतर वरणगावचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या कारखान्यात नोकरीला, घरी केळीची बाग, माणसं सरळ. माझा फोटो त्यांना आवडला होता. आबांनी या वेळी ठरवलं, तिथी पुढे सरकवायची. आमच्या भागात याला कोणी खोटं बोलणं समजत नाही. जन्म संध्याकाळऐवजी दुसऱ्या दिवशी पहाटेचा सांगितला की अमावास्येचा पाडवा होतो. किती घरांनी किती मुलींचा असा पाडवा केला असेल, देव जाणे. मी हो म्हटलं. हो म्हणण्यात माझा काही विचार नव्हता, थकवा होता.

बैठक भडगावलाच ठरली. मुलाकडच्यांना यायला सोयीचं आणि मुलगी कुठे राहते तेही पाहता येईल म्हणून. आबा आदल्या दिवशीच आले. सरांचा लौकिक त्यांना माझ्या पत्रांतून ठाऊक होता, आणि त्याचीच त्यांना धास्ती होती. अंगणात लिंबाखाली खाट टाकली होती. आबांनी सरांना सगळं सांगितलं आणि उद्या एवढं बोलू नका म्हणून विनवलं. सर आधी ऐकेनात. म्हणाले, खोट्यावर मुलगी देऊ नका, ते खोटं तिच्या मागोमाग सासरी जातं. मग नेहमीप्रमाणे त्यांनी शब्दाचा अर्थ सांगितला, माहेर सांगितलं, अमात्यसुद्धा सांगितला. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुमना अर्थ माले पटस, सर," आबा म्हणाले. "पन त्या अर्थवर आजवर एक तरी पोरनं लगीन जमनं का?"

आबांनी हात जोडले. सर म्हणाले, बरं, नाही बोलणार. आणि उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, एक काका आणि आत्या. सगळे ओळीने त्या उंबऱ्याला ठेचकाळून आत आले, आणि सर आज काहीच बोलले नाहीत. अक्कांनी शिरा केला होता. बोलणी चांगली चालली होती. मुलाच्या वडिलांनी माझ्या नोकरीबद्दल विचारलं, लग्नानंतर बदली मिळेल का विचारलं. मुलगा एक-दोनदा माझ्याकडे पाहून हसला, आणि मलाही तो वाईट वाटला नाही. मग आत्याबाईंनी जन्माची तिथी विचारली. आबा म्हणाले, मार्गशीर्ष संपला, त्याचा दुसरा दिवस. पाडवा. पहाटे.

आत्याबाईंचं समाधान झालं नाही. कदाचित त्यांच्याही घरात कोणा मुलीचा असा पाडवा झाला असेल. त्या सरांकडे वळल्या. "सर, तुम्हाले पंचांगातलं समदं कळते म्हने. तुमी सांगा. पाडवाच ना?"

सर म्हणाले, "मला पंचांगातलं फारसं कळत नाही."

बास, एवढंच. भर बाजारात, एसटीत, स्टेजवर, कुठेही ज्या माणसाने या एका दिवसाची बाजू सोडली नव्हती, तो माणूस माझ्यासाठी मान खाली घालून आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहत बसला होता. अक्का स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या पाहुण्यांकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडेही नाही. भावाकडे पाहत होत्या. त्यांचा चेहरा मला बघवेना.

मी बोलले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "माझा जन्म अमावास्येचा आहे. संध्याकाळचा. पाडव्याचा नाही."

आबांनी डोळे मिटले. आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. मुलाच्या वडिलांनी सरांना शांतपणे विचारलं, की हे खरं आहे का. या क्षणाची सरांनी आयुष्यभर वाट पाहिली असेल असं मला वाटतं. समोर माणसं बसलेली, सगळ्यांचे कान त्यांच्याकडे, आणि विषय तोच. पण आबांना दिलेला शब्द होता. सरांनी आबांकडे पाहिलं, आणि होकारार्थी मान हलवली. एक अक्षर बोलले नाहीत. माणसाने दिलेल्या शब्दाला कसं जागावं हे मला कोणी विचारलं तर मी त्या दुपारचे सर सांगते.

पाहुणे उठले. कळवतो म्हणाले. मुलाने निघताना मला हात जोडले, ते मात्र मनापासून जोडले असावेत. त्यांच्याकडून काही कळलं नाही, आणि कळणार नाही हे आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं. पुढे माझं लग्न धुळ्याला झालं. मी पहिल्याच भेटीत तिथी सांगून टाकली, तर नवरा म्हणाला, मला तिथ्यांतलं काही कळत नाही, वार कोणता होता तो सांगा. संसार चांगला झाला. पण मला सांगायचंय ते त्या दुपारबद्दलच.

पाहुणे गेल्यावर आबा भिंतीला टेकून बसले. मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, जमलं होतं पोरी, जमत आलं होतं. त्यांना तसं पाहून मला रडू आलं. तेव्हा अक्का आतून आल्या, तांब्या बाजूला ठेवला आणि आबांच्या समोर जमिनीवर बसल्या.

"तिले काही बोलू नका, आबा," त्या म्हणाल्या. "मना बापनी बी पाडवाच सांगेल व्हता. मी गप बसनू."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कुठेही न थांबता, शेजारणीला एखादी रीत समजावून सांगावी तसं सरळ. लग्न झालं, सासर चांगलं होतं, नवराही चांगला. वर्षभरात दीर वारला. कोणीतरी खरी तिथी सासऱ्यांच्या कानावर घातली. त्या घरात कोणी मारलं नाही की शिवी दिली नाही. नुसतं बैलगाडीत बसवलं आणि माहेरच्या दाराशी आणून उतरवलं. नवरा बरोबर आला नव्हता. तेव्हापासून त्या भावाजवळ होत्या. तो शाळेतून कॉलेजात गेला, धुळ्याला राहून संस्कृत शिकला, नोकरीला लागला, आणि जिथे गेला तिथे बहिणीला घेऊन गेला. लग्नाचं कोणी विचारलं तर हसण्यावारी नेत राहिला.

मी सरांकडे पाहिलं. ते खुर्चीत तसेच बसून होते. संस्कृत हा विषय त्यांनी का घेतला असेल, असं मला कोणी याआधी विचारलं असतं तर मी त्यांच्या आवडीनिवडीबद्दल काहीबाही सांगितलं असतं. माझा ऊर त्या वेळी अभिमानाने इतका भरून आला की रडू कधी थांबलं ते कळलं नाही. एका बहिणीला दारात आणून सोडलं, आणि तिचा भाऊ त्या एका शब्दाच्या मुळाशी जाऊन, खरं काय ते शोधून, गावोगाव सांगत बसला होता.

अक्कांचं सांगून झालं. मग त्या सरांकडे वळल्या.

"भाऊ, तू बठ्ठा गावले त्या दिनबद्दल काय सांगत फिरस रे? लोक माले ईसन सांगतस, तुना भाऊ असा बोलस, तुना भाऊ तसा बोलस. माले कधी सांगं नही. आते माले एकदाव सांग."

सर उठले, पुन्हा बसले. चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला. ज्यांना कंडक्टरला सांगायला वेळ लागला नव्हता, कापडवाल्याला, परीक्षेतल्या पोराच्या बापाला सांगायला वेळ लागला नव्हता, त्यांना आता सुरुवात सापडेना. अमात्य नाही, पौर्णिमा नाही, संस्कृतचा एक शब्द नाही. शेवटी बोलले ते घरच्या बोलीत. ती मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकली नव्हती.

"दोन्हीजन एक घरमा ऱ्हातस, अक्का. तो दिन."

"कोन दोन्ही?"

"सूर्य आन चांद."

अक्कांनी थोडा विचार केला. "इतलंच?"

"इतलंच," सर म्हणाले.

"इतली सोपी गोट," अक्का म्हणाल्या, "आन माले सांगाले इतला वखत लागना तुले?" आणि शिऱ्याच्या बश्या गोळा करून आत निघून गेल्या. आत जाताना पदर डोळ्यांना लावलेला आम्हा सगळ्यांना दिसला.

सर दारात जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तू बोलनी, ते बरं व्हयनं," ते म्हणाले.